गावातच पीएचडी करायची, त्यात कमीपणा कसला?

पत्राचा सारांश: बडोद्याच्या दांडिया बाजार भागात राहणाऱ्या चोवीस वर्षांच्या मुलीचं पत्र आहे. यंदा तिनं शहरातल्याच विद्यापीठातून आहार आणि पोषण या विषयात एम.एस्सी. केलं. तिचं काम आवडलं म्हणून विभागातल्या एका मॅडमनी पीएचडीसाठी विचारलं आहे. विषय आहे जिल्ह्यातल्या किशोरवयीन मुलींमधला अ‍ॅनिमिया. त्याच वेळी एका खासगी रुग्णालयात आहारतज्ज्ञाची नोकरीही चालून आली आहे. पुण्याला आयटीत असलेल्या दादाचं म्हणणं, ‘इथल्या पीएचडीला बाहेर कुणी विचारत नाही. करायचीच तर परदेशात कर, नाहीतर गुपचूप नोकरी धर.’ बाबा म्हणतात, ‘तू डॉक्टर नाहीस. आरोग्यावर संशोधन करून तुझं ऐकणार कोण?’ आईला लग्नाची काळजी. आणि तिचं स्वतःचं म्हणणं: ‘ताई, मला हे काम मनापासून करायचंय. पण इथेच राहणं ही माझी पळवाट तर नाही ना, बाहेर पडायची हिंमत नाही म्हणून शोधलेली, हे मला कळत नाही.’

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात घरातल्या प्रत्येकाचं मत तू इतकं नीट मांडलं आहेस की तुझं स्वतःचं मत शोधायला मला पत्र पुन्हा वाचावं लागलं. ते सापडलं अगदी शेवटी, ‘मनापासून करायचंय’ एवढ्या दोन शब्दांत, आणि त्याच्या लगेच पुढे तू ‘पण’ घातलास. त्या ‘पण’चंच आधी बघू.

पळवाट आहे की नाही हे शहराच्या नावावरून ठरत नाही. घरातला लग्नाचा विषय टाळायचा म्हणून परदेशी अर्ज भरणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यात गैर काही नाही, पण तीही पळवाटच. स्वतःला असं विचारून बघ: समजा मुंबईच्या किंवा लंडनच्या एखाद्या विद्यापीठानं तुला हाच विषय दिला, तुझ्या जिल्ह्यातल्या सावली-डभोई तालुक्यांच्या याच मुलींवर काम करायला सांगितलं, तर तू आनंदानं गेली असतीस का? उत्तर ‘हो’ आलं तर तुझी ओढ विषयाची आहे, आणि मग ज्यांच्यावर काम करायचं त्या मुली एसटीच्या तासाभराच्या अंतरावर असणं ही तुझ्या पदरात पडलेली सोय आहे. ‘नाही, मग मला त्या विषयात एवढा रस वाटला नसता’ असं आलं, तर तू घर धरून बसते आहेस. तेही चुकीचं नाही, पण त्यासाठी पीएचडी करू नकोस. नोकरी घे, घरी राहा, सुखानं राहा. पीएचडी ही कुठे जायचं ते ठरेपर्यंत थांबायची जागा नव्हे. तशी समजून आत गेलेल्या मुली चौथ्या-पाचव्या वर्षी फार खचतात.

दादाचं म्हणणं एकदम उडवून लावू नकोस. पुढे कधी परदेशी संस्थेत काम करायचं झालं तर विद्यापीठाचं नाव पाहिलं जातंच. मोठ्या संस्थेत आजूबाजूला शंभर लोक तेच काम करत असतात, त्याचा फायदा होतो. पण ‘कुणी विचारत नाही’ हे त्यानं आयटीच्या भरतीवरून ठरवलं आहे, असं मला वाटतं. सार्वजनिक आरोग्यात आणि पोषणात विचारतात ते हे: काम काय केलंस, रक्त कसं घेतलंस, किती मुलींवर, कुठल्या नियतकालिकात छापून आलं. आपल्या घराशेजारच्या विद्यापीठाबद्दल आपल्यालाच सर्वांत कमी माहिती असते. पिकतं तिथे विकत नाही ते असं. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झालं, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या, आणि पुढच्या काही काळातच, तुझा पोषण विषय ज्यात येतो त्या गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली. बडोद्याचं वैद्यकीय महाविद्यालयही १९४९चंच. मुलींच्या शिक्षणात ‘घर’ आणि ‘विज्ञान’ हे दोन शब्द शेजारी ठेवून त्याला विद्यापीठाची पदवी द्यायची, हे त्या काळात सोपं नव्हतं. हे दादाला सांग. पण स्वतःला हेही सांग, की हंसाबेनच्या पुण्याईवर किंवा सयाजीरावांच्या नावावर तुझा प्रबंध चांगला होणार नाही. विद्यापीठाचा इतिहास अभिमानाला पुरतो. कामाला गाइड लागतो, प्रयोगशाळा लागते आणि चांगला प्रश्न लागतो.

बाबांना कमला सोहोनींबद्दल सांग. आपल्याच माळव्यातल्या, इंदूरमध्ये जन्मलेल्या. बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी त्यांना आधी बाई म्हणून प्रवेश नाकारला होता. पुढे १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. त्या डॉक्टर नव्हत्या, जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या, तरी परत आल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंग या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायन विभाग सांभाळला. मुंबईला आल्यावर नीरा, ताडगूळ अशा साध्या पदार्थांच्या पोषणमूल्यावर त्यांनी काम केलं, कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना नीरेचा काय उपयोग होतो ते तपासलं, आणि त्या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. आरोग्याचं संशोधन म्हणजे रोगी तपासणं एवढंच नसतं. माणसं काय खातात, का खातात, दिलेली गोळी गिळतात की दप्तरात ठेवतात, हे शोधणंही तितकंच आरोग्याचं संशोधन आहे, आणि ते करायला डॉक्टरकडे बहुधा वेळ नसतो.

बाबांच्या बोलण्यात खरं एवढंच आहे की काही गोष्टी तुला करता येणार नाहीत. निदान आणि उपचार तुझ्या हातात नाहीत. म्हणून पहिल्या दिवसापासून वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्याच्या विभागातलं कुणीतरी सहमार्गदर्शक म्हणून बरोबर असू दे. नीट जमलं तर दोन्ही संस्था एकाच शहरात असण्याचा तुला जेवढा उपयोग होईल तेवढा फार थोड्या ठिकाणी होतो.

आता विषयाकडे येते. खरं सांगायचं तर तुझ्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकलं ते इथेच. ‘किशोरवयीन मुलींमधला अ‍ॅनिमिया’ हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. किती मुलींना आहे हे मोजायचं असेल तर ते मोजून झालंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, गुजरातमधल्या १५ ते ४९ वयाच्या ६५ टक्के स्त्रियांना अ‍ॅनिमिया आढळला; १५ ते १९ च्या मुलींमध्ये ६९ टक्के. आधीच्या फेरीत हेच आकडे साधारण ५५ आणि ५६ टक्के होते. मधल्या काळात ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ ही सरकारी मोहीम सुरू झाली, शाळाशाळांतून लोहाच्या निळ्या गोळ्या वाटल्या गेल्या, आंगणवाडीतून किशोरींना ‘पूर्णाशक्ती’ या पूरक आहाराची पाकिटं मिळू लागली. तरी आकडा वर गेला. का? इथून तुझं काम सुरू होतं.

पहिली शंका मोजण्याबद्दलच घ्यावी लागते. २०१६–१८ च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतलं होतं, आणि त्यात देशभरातल्या १० ते १९ वयाच्या मुलींपैकी ४० टक्के मुलींना अ‍ॅनिमिया निघाला. कुटुंब आरोग्य पाहणीत बोटातून रक्त घेतात, आणि तिथे १५ ते १९ च्या मुलींचा देशाचा आकडा ५९ टक्के आला. वयोगट वेगळे आहेत, वर्षं वेगळी आहेत, हे मान्य. तरीही एवढी तफावत फक्त वयाची असेल का? आंगणवाडीत कधी हे मोजमाप जवळून बघ. थंडीचे दिवस, मुलगी सकाळी काही न खाता आलेली, बोटं गार. सुई टोचली तरी रक्त येत नाही. मग कुणीतरी घाईनं ते बोट मुळापासून दाबत आणतं, थेंब निघतो, तो पातळसर असतो, कारण दाबल्यावर आजूबाजूच्या पेशींमधला द्रव त्यात उतरतो. पहिला थेंब पुसून टाकायचा असतो, तोच कधी कधी घेतला जातो. यंत्रावर हिमोग्लोबिनचा आकडा उमटतो आणि वहीत लिहिला जातो. १२ च्या वर असेल तर मुलगी ठीक, ११.८ असेल तर अ‍ॅनिमिक. म्हणजे एका दाबलेल्या बोटावर तिचं निदान ठरतं. त्याच मुलींचं बोटातलं आणि शिरेतलं रक्त एकाच दिवशी घेऊन तुलना करणं हे एका पीएचडीच्या आवाक्यातलं काम आहे, आणि ते बडोद्याच्या विद्यापीठातून झालं म्हणून कुणी बाजूला ठेवणार नाही.

दुसरी शंका कारणाबद्दल. आपण ‘रक्त कमी’ म्हटलं की लोह धरून चालतो. त्याच पोषण सर्वेक्षणात किशोरवयीन मुलामुलींपैकी २८ टक्क्यांना अ‍ॅनिमिया होता, २२ टक्क्यांमध्ये लोह कमी होतं, आणि ३१ टक्क्यांमध्ये ब-१२ हे मांसाहारातून आणि दुधातून मिळणारं जीवनसत्त्व कमी होतं. गुजरातेत शाकाहारी घरं पुष्कळ, ताक-दूधही सगळ्याच घरांत पुरेसं असतं असं नाही. ब-१२ चा विचार इथे करायलाच हवा. आणि तू शेजारच्या छोटाउदेपूरच्या आदिवासी भागाकडे गेलीस तर सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक आजार डोळ्यांआड करता येणार नाहीत. ज्या मुलीचं हिमोग्लोबिन त्यामुळे खाली आहे तिला लोहाच्या गोळ्या देत राहून काय मिळणार? तालुका निवडताना हे लक्षात ठेव. सावलीतला प्रश्न आणि छोटाउदेपूरकडच्या कवांटमधला प्रश्न एकच नाही.

तिसरी शंका मला सर्वांत जवळची, कारण ती शिक्षणाची आहे. निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं, आठवड्याला एक. कागदावर योजना चोख आहे. पण मुलगी ती रिकाम्या पोटी घेते, मळमळतं. दुसऱ्या दिवशी शौचाला काळं होतं, ती घाबरते, मैत्रिणीला सांगते, आणि पुढच्या आठवड्यात अर्ध्या वर्गाच्या गोळ्या खिशात जातात. काळं होणं हे लोहामुळे असतं, त्यात घाबरायचं काही नाही, हे एक वाक्य कुणी आधी सांगितलेलंच नसतं. घरी जेवणाबरोबर किंवा जेवण उतरायच्या आत चहा होतो, त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह शरीराला नीट घेता येत नाही, हेही सांगितलेलं नसतं. भिंतीवर पालेभाज्यांचा तक्ता मात्र असतो. मेथीची जुडी आणायची की तेवढ्या पैशात घरासाठी बटाटे, हे जिथे आई ठरवते तिथे तो तक्ता मुलीला काय सांगणार? अशा शाळांमध्ये सांगायची पद्धत बदलून, गोळी जेवणानंतर वर्गातच घ्यायला लावून, आईला एकदा बोलावून फरक पडतो का, हे मोजता येतं. हे काम करणारी माणसं कमी आहेत. तू घरी मराठी, बाहेर गुजराती बोलत वाढलेली मुलगी. तेडागर बहेनशी, म्हणजे आंगणवाडीतल्या मदतनीस बाईशी, तू ज्या सहजपणे गप्पा मारशील त्या सहजपणे बाहेरून आलेली संशोधक मारू शकणार नाही. राठवी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या गावात मात्र तुलाही दुभाषी लागेल, तिथे गुजराती येतं म्हणून गाफील राहू नकोस.

आता मॅडमविषयी. त्यांनी विचारलं म्हणून हुरळून जाऊन हो म्हणू नकोस. आदर ठेवून चार गोष्टी विचार, चांगल्या गाइडला त्याचं वाईट वाटत नाही. त्यांची निवृत्ती कधी आहे? यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांप्रमाणे निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्या शिक्षकाला नवे विद्यार्थी घेता येत नाहीत, आणि प्रोफेसरकडे एका वेळी जास्तीत जास्त ८, असोसिएटकडे ६, असिस्टंटकडे ४ विद्यार्थी असू शकतात. आत्ता किती आहेत? रक्ततपासणीच्या किट्सचा, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ब-१२ च्या चाचण्यांचा खर्च कोण करणार? या चाचण्या महाग असतात आणि पुष्कळ प्रबंध इथेच अडकतात, मग विद्यार्थिनी स्वतःच्या खिशातून भरते किंवा चाचणीच गाळते. आकडेवारीचा सल्ला कोण देणार? हे झालं की त्यांच्या आधीच्या विद्यार्थिनींना एकटीनं भेट. किती वर्षं लागली, मॅडम मजकूर किती दिवसांत वाचून परत देतात, शोधनिबंधात नाव कुणाचं आधी येतं, हे त्याच सांगतील. आणि ‘शोधगंगा’वर जा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं ते भांडार सगळ्यांना खुलं आहे. तुझ्या विभागातून आलेले प्रबंध तिथे वाच. वाचून ‘मला यापेक्षा बरं करता येईल’ असं वाटलं तर उत्तम, ‘मला असं करायचंय’ वाटलं तर त्याहून उत्तम. ‘यातून नवीन काय कळलं?’ असाच प्रश्न पडत राहिला तर मॅडमशी विषयावर पुन्हा बोल.

मुली अठराच्या आतल्या असतील तर आईवडिलांची लेखी संमती लागेल आणि मुलीची स्वतःची मान्यताही; त्याआधी एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनातली नैतिकता तपासणाऱ्या समितीची, परवानगी. हे तुला शिकवलं असेलच. माझं सांगणं त्यापुढचं आहे. ज्या मुलीच्या बोटातून किंवा हातातून तू रक्त घेशील तिला तिचा आकडा तिच्या भाषेत लिहून दिला पाहिजे, आणि तो ८ च्या खाली आला तर त्याच दिवशी तिला आरोग्य केंद्रापर्यंत पोचवण्याची सोय तुझ्या आराखड्यात आधीच लिहिलेली असली पाहिजे. आपल्याकडे कितीतरी गावांनी रक्त दिलंय आणि त्यांना काही कळवलेलं नाही. तुझ्या हातून हे होऊ नये असं मला फार वाटतं.

पैशांचं सरळ बोलू. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये, आणि दोन वर्षांनी ४२,०००. गृहविज्ञान हा नेटचा विषय आहेच. जेआरएफ नाही मिळाली तर गुजरात सरकारच्या ‘शोध’ योजनेत पूर्णवेळ विद्यार्थ्यांना दोन वर्षं महिना १५,००० रुपये आणि वर्षाला २०,००० रुपये खर्चासाठी मिळतात. राहतं घर बडोद्यात असल्यावर यात निभतं. पण दोन्हीपैकी काहीच हाती नसेल तर पूर्णवेळ पीएचडीत उडी घेऊ नकोस. बाबा दोन वर्षं कुरकुर न करता खर्च करतीलही, पण प्रत्येक किटच्या बिलाला तुझा जीव अर्धा होईल.

नोकरीचं काय? आहारतज्ज्ञाची नोकरी हलकी नाही. रुग्णालयात तू एका वर्षात जे शिकशील, मधुमेहाच्या रुग्णाला त्याच्या रोजच्या शेव-उसळीसकट आहार कसा बसवून द्यायचा वगैरे, ते वर्गात कुणी शिकवत नाही. पुढे रजिस्टर्ड डाएटिशियनची परीक्षा द्यायची तर हा अनुभव कामाला येतो. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात पोषण क्षेत्रातले व्यावसायिकही आले आहेत, तेव्हा या कामाला हळूहळू नोंदणीची शिस्तही येईल. शिवाय नव्या नियमांत अर्धवेळ पीएचडीचीही वाट आहे, मात्र त्यासाठी नोकरीच्या ठिकाणाहून लेखी ना-हरकत लागते, आणि रुग्णालयाची पाळी सांभाळून गावोगाव हिंडणं जमेल असं मला वाटत नाही. एक तिसरी वाट तू पत्रात लिहिलीच नाहीस: विभागात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात चालू असलेल्या एखाद्या प्रकल्पावर वर्षभर रिसर्च असिस्टंट म्हणून काम कर. पगार कमी असतो, पण गाइडचा स्वभाव, गावातलं ऊन, एथिक्सची कागदपत्रं, हे सगळं आधी दिसतं. तुझ्या जागी माझी भाची असती तर तिला मी हेच सांगितलं असतं, आणि त्या वर्षात नेटचा अभ्यास कर म्हटलं असतं. वर्षानंतरही ‘मनापासून करायचंय’ टिकलं, तर मॅडमकडेच पीएचडीला जा, इथेच, बडोद्यातच, कुणाकडे बघून लाज न वाटून घेता.

आईची काळजी खोटी नाही. तिला आकड्यांनी उत्तर दे. पीएचडीची मुदत किमान ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं, स्त्रियांना आणखी २ वर्षांची सवलत, आणि बाळंतपणासाठी किंवा मूल सांभाळायला २४० दिवसांपर्यंत रजा. म्हणजे लग्न झालं तरी काम थांबत नाही. स्थळ बघताना मात्र ‘मुलगी शिकतेय’ एवढंच सांगू नका. आठवड्यातले दोन-तीन दिवस ती गावात असते, कधी रात्री आठला परतते, हे पहिल्या भेटीतच सांगा.

इंदूरहून आणि ग्वाल्हेरहूनही मला अशीच पत्रं येतात. देवी अहिल्या विद्यापीठ आणि जिवाजी विद्यापीठ, दोन्ही १९६४ ची. दोन्ही शहरांत जुनी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आणि दोन्ही ठिकाणच्या मुली हेच विचारतात, की बाहेर न पडता केलेलं मोजलं जाईल का. त्यांनाही वरची परीक्षा लागू आहे: गाइडची उरलेली वर्षं, चाचण्यांचा खर्च, आधीच्या विद्यार्थिनींचं मत, आणि ज्या लोकांवर काम करायचं ते किती अंतरावर आहेत.

आणि दादाला एक काम दे. तो आयटीत आहे ना? त्याला ‘आर’ ही संगणकभाषा बसून शिकवायला सांग, सुट्टीत आला की. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची मूळ आकडेवारी संशोधनासाठी अर्ज करून विनामूल्य मिळते. गुजरातची घे, आणि पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींचा तक्ता दोघं मिळून स्वतःच्या हातानं काढा.

तुझी,
ताई